कर्नेल बदललं की वायफाय गायब: तेच दुखणं तिसऱ्यांदा आल्यावर

लक्षण आधी सांगतो. जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजच्या जागी टाकलेली डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली, वायफाय महिनाभर सुरळीत. मग एके दिवशी अपडेट आले, त्यात नवं कर्नेल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा), कुणीतरी हो म्हटलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि वायफायचं चिन्ह गायब. शेजारपाजारची नेटवर्कं दिसत नाहीत एवढ्यावर भागत नाही, सेटिंगमधला वायफायचा रकानाच उडालेला असतो. म्हणतं, अडॅप्टर सापडला नाही. कुणीतरी जाणकार ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम) परत टाकून देतो. चालू होतं. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच.

हे दुखणं माझ्याकडे एकाच लॅपटॉपवर तीनदा आलं. पहिल्या दोन वेळा मी ते बरं केलं असं मला वाटलं होतं. खरं तर मी नुसता ताप उतरवत होतो.

अमळनेरला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. (याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली, पुढे संगणकाकडे वळली. आमच्या वाट्याला दुरुस्ती राहिली.) लॅपटॉप होता पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या आबांचा. त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान. मशीन २०१४ च्या आसपासचं, चार जीबी रॅम. विंडोज १० त्यात रांगत होतं आणि ११ त्यावर बसणारच नव्हतं, म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात मी एसएसडी घालून डेबियन १२ टाकून दिलं. आबा खूश. बिलं, स्टॉक, नातवाचा अभ्यास, सगळं चालू.

महिन्याभरात फोन आला. ‘भाऊ, वायफाय गयं.’

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या. मधल्या मोकळ्या जागा, वजाची चिन्हं आणि तिरप्या रेघा जशाच्या तशा ठेवायच्या.

आधी गिऱ्हाइकाचं काम चालू करा

मूळ शोधायला वेळ लागतो आणि समोरच्याला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. म्हणून पहिलं काम जुन्या कर्नेलवर जाण्याचं. मशीन चालू होताना ग्रबची, म्हणजे कोणत्या कर्नेलवर सुरू व्हायचं ते निवडायची, यादी येते. येत नसेल तर सुरुवातीलाच एस्केप किंवा शिफ्ट दाबून पाहायचं. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असं लिहिलेल्या ओळीत शिरलं की आधीचं कर्नेल दिसतं. ते निवडा. त्यावर वायफाय आलं, तर दोन गोष्टी एका फटक्यात कळल्या: कार्ड जिवंत आहे, आणि दोष नव्या कर्नेलशी त्याचं न जुळण्यात आहे. हा तपास दोन मिनिटांचा आहे आणि मी तो पहिल्या दोन्ही वेळा केला नव्हता.

म्हणूनच अपग्रेडनंतर लगेच ‘ऑटोरिमूव्ह’ करून जुनी कर्नेलं साफ करायची घाई नको. आठवडाभर राहू द्यात.

जुन्या कर्नेलवरही वायफाय आलं नाही तर गोष्ट निराळी. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देऊन बघा. त्यात ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण किंवा कळफलकावरची विमानाची कळ दाबली गेली आहे. हसू नका, एका शिक्षकांचा लॅपटॉप मी तासभर उघडून बसलो होतो आणि बटण बाजूला सरकलेलं होतं.

नेट नसताना नेट आणायचं कुठून

वायफायचा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेट वायफायवर आहे, हा तिढा नेहमीचा. लॅन केबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडायचा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लिनक्सला फोन म्हणजे एक तारेचं नेटवर्क कार्ड दिसतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. फोन स्वतः वायफायवर असेल तर तेच नेट तारेतून पुढे जातं, मोबाइलचा डेटा जळत नाही. केबल मात्र डेटाची हवी. रस्त्यावर पन्नास रुपयांत मिळतात त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि मग माणूस फोनला दोष देत बसतो.

मी हे न करता पेनड्राइव्ह वापरला होता. दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर पॅकेजं उतरवली, पेनड्राइव्हवर टाकली आणि आबांच्या लॅपटॉपवर एकेक करून बसवली. माझी चूक इथूनच सुरू झाली, पण ते कळायला चार महिने गेले.

कार्ड कोणतं आहे ते नावाने नाही, आकड्याने बघा

‘एलएसपीसीआय -एनएनके’ अशी आज्ञा द्या. नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते, ती कागदावर उतरवा. तिच्या खाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. वायफाय गेलेलं असेल तर बहुधा ती ओळच नसते. तोच पुरावा.

आबांच्या मशीनमध्ये जोडी निघाली १४ई४:४३६५. म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप. २०१२ ते २०१५ च्या काळातल्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपमध्ये ही असते. चिपला नावं ठेवायचं कारण नाही, आजही चालते. मुद्दा एवढाच की तिला चालवणारा ड्रायव्हर कर्नेलच्या आत नाही. तो ‘डब्ल्यूएल’ नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे, आणि डेबियनमध्ये तो ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ या पॅकेजमधून येतो.

याच घरातली थोडी जुनी चिप, १४ई४:४३१५ म्हणजे बीसीएम४३१२, कर्नेलमधल्या ‘बी४३’ ड्रायव्हरवर चालते. तिला फक्त फर्मवेअर (चिपच्या आत भरायचा प्रोग्राम) बाहेरून लागतं. १४ई४:४७२७ म्हणजे बीसीएम४३१३ ला ‘बीआरसीएमएसमॅक’ चालतो, तोही कर्नेलमधलाच. कंपनी एक, तीन चिप, तीन उपचार. म्हणून ‘ब्रॉडकॉम आहे ना, मग हे टाक’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आतला ड्रायव्हर मिळत असेल तर तोच घ्या.

आतला आणि बाहेरचा यात एवढा काय फरक

एकत्र कुटुंबाचा वाडा असतो. वाड्याचं काम निघालं, भिंत सरकली, दार बदललं, तर घरातल्या प्रत्येकाच्या खोलीचं काम त्यातच होतं. कुणाला सांगायला जावं लागत नाही. भाडेकरूचं तसं नसतं. भिंत सरकली की त्याचं कपाट बसत नाही, आणि ते त्याचं त्याने बघायचं.

लिनक्सचं कर्नेल असंच चालतं. आतल्या भागांची एकमेकांशी बोलायची पद्धत कायम राहील असं वचन कर्नेलवाले देत नाहीत, आणि हे त्यांनी ठरवून ठेवलेलं आहे. जो माणूस आतली एखादी पद्धत बदलतो, त्यानेच ती वापरणारे आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे असतात. बाहेरच्या ड्रायव्हरकडे तो बघत नाही. वापरणाऱ्याच्या प्रोग्रामांना याचा त्रास होत नाही, कर्नेल बाहेरच्या जगाला दिलेला शब्द फार काटेकोरपणे पाळतं. त्रास होतो तो भाडेकरू ड्रायव्हरांना.

म्हणून बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो. मोठी उडी असो, ६.१ वरून ६.१२ वर, की नुसता शेपटीचा आकडा बदलो, ६.१.०-२३ वरून ६.१.०-२५ वर. हे हाताने करायचा कंटाळा म्हणून डेलच्या लोकांनी २००३ मध्ये डीकेएमएस नावाची व्यवस्था काढली. नवं कर्नेल बसलं की ती आपोआप उठते, ड्रायव्हरचा सोर्स घेते आणि त्या कर्नेलसाठी बांधून ठेवते. आबांच्या लॅपटॉपवर डीकेएमएस होतं, मग वायफाय जायचं का?

कारण बांधायला सामान लागतं. ते सामान म्हणजे त्या त्या कर्नेलचे हेडर, कर्नेलच्या आतल्या रचनेचं वर्णन असलेल्या फाइली. गवंडी वेळेवर आला, पण विटा-सिमेंट आलंच नाही, तर तो बिचारा परत जातो. डीकेएमएसही तसंच परत जातं, एखादी ओळ टाकून, जी अपडेटच्या शेकडो ओळींच्या गर्दीत कुणी वाचत नाही.

माझ्या दोन चुका

पहिल्या वेळी मी पेनड्राइव्हवरून त्या दिवशीच्या कर्नेलचेच हेडर बसवले होते, ६.१.०-२३ चे. डेबियनमध्ये साधी प्रतिष्ठापना केली तर कर्नेल येतं, हेडर येत नाहीत. नेटवरून ‘एपीटी’ने (डेबियनची पॅकेजं उतरवून बसवणारी आज्ञा) डीकेएमएस बसवलं असतं तर शिफारस केलेली पॅकेजंही त्याने सोबत आणली असती. पेनड्राइव्हवरून ‘डीपीकेजी’ने (हातातली फाइल बसवणारी आज्ञा) बसवलं की शिफारशी विसरा, जी फाइल दिली तेवढीच बसते. ड्रायव्हर बांधला गेला, वायफाय आलं, मी पैसे घेतले.

पुढे ६.१.०-२५ आलं. हेडर नाहीत, ड्रायव्हर नाही, फोन आला. दुसऱ्या वेळी मी घाईत होतो. कृषी केंद्रांचा हंगाम, आबा काउंटरवर उभे. नेटवर जागोजागी मिळते तीच आज्ञा चिकटवली: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-’ आणि पुढे डॉलर चिन्ह, कंसात ‘यूनेम -आर’. ही आज्ञा चुकीची नाही. पण ‘यूनेम -आर’ म्हणजे ‘आत्ता चालू असलेलं कर्नेल कोणतं’. म्हणजे ती आजच्या कर्नेलचे हेडर आणते आणि उद्याची काहीही सोय करत नाही. हीच ओळ लोक वर्षानुवर्षं एकमेकांना देत आले आहेत आणि हेच दुखणं वर्षानुवर्षं उलटतं आहे.

तिसऱ्या वेळी आबांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘आते कितला लेशी?’ मी काहीच घेतलं नाही आणि लॅपटॉप ठेवून घेतला.

शांतपणे तीन आज्ञा दिल्या. ‘यूनेम -आर’ म्हणालं, ६.१.०-२८. ‘डीकेएमएस स्टेटस’ने दाखवलं की ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर ६.१.०-२३ आणि ६.१.०-२५ साठी बसलेला आहे. २८ ची ओळ नाही. आणि ‘एलएस /यूएसआर/एसआरसी’ने दाखवलं की हेडरही फक्त २३ आणि २५ चेच पडून आहेत. माझ्या दोन भेटींची पावतीच होती ती. तिसऱ्या भेटीची जागा रिकामी.

कायमचा उपाय

एकच पॅकेज: ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’. याच्या नावात आकडा नाही, हेच त्याचं मर्म. हे स्वतः जवळजवळ रिकामं असतं. त्यात फक्त लिहिलेलं असतं की सर्वांत नव्या कर्नेलचे हेडर माझ्यासोबत यायला हवेत. एकदा बसवलं की पुढे कर्नेल बदलेल तेव्हा हेडरही सोबत येतात आणि डीकेएमएसला सामान मिळतं. इंटेलचा प्रोसेसर असला तरी नाव एएमडी६४ च असतं, गोंधळू नका. चौसष्ट बिटच्या या घराण्याचं ते नाव आहे.

बसवल्यावर ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’, मग ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’. चिन्ह दिसायला हवं. नाही दिसलं तर एकदा बंद-चालू करा, कारण ‘बी४३’, ‘बीसीएमए’, ‘एसएसबी’ असे आतले ड्रायव्हर आधीच कार्ड धरून बसलेले असू शकतात. ब्रॉडकॉमचं पॅकेज त्यांना काळ्या यादीत टाकतं, पण ते पुढच्या सुरुवातीपासून लागू होतं.

उबुंटूत हेडर सहसा आपोआप येतात, तरी कुणीतरी जागा वाचवायला काढून टाकलेले मी पाहिले आहेत. तिथे पॅकेजचं नाव ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. पण थांबा. उबुंटू २२.०४ मूळ ५.१५ कर्नेलवर निघालं, आणि डेस्कटॉपवर मात्र एचडब्ल्यूई नावाचं नवं नवं कर्नेल येत गेलं, ६.८ पर्यंत. तुमचं मशीन ६.८ वर चालत असेल आणि तुम्ही साधं जेनेरिक टाकलं, तर ५.१५ चे हेडर येतील आणि उपयोग शून्य. अशा वेळी नाव ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ असं हवं. ‘यूनेम -आर’चा आकडा आणि हेडरचा आकडा जुळतो का, एवढं डोळ्यांनी बघितलं की ही चूक होत नाही.

आता एक सवय. कर्नेलचं अपडेट झालं की मशीन बंद करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. नव्या कर्नेलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तर खुशाल बंद-चालू करा. दिसलं नाही तर अजून जुनं कर्नेल आणि वायफाय दोन्ही हातात आहेत, तोवर दुरुस्त करून घ्या.

ड्रायव्हर बांधला गेलाय, तरी वायफाय नाही

‘मॉडप्रोब’ने ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर दिलं तर दोष सिक्युअर बूटचा. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने ते चालू आहे की नाही कळतं. चालू असेल तर डेबियन १२ पासून डीकेएमएस स्वतःची किल्ली तयार करून ठेवतं. ती मशीनला ओळखीची करून द्यायची: ‘सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब’. एक तात्पुरता पासवर्ड मागतं. मग बंद-चालू केल्यावर निळा पडदा येतो, त्यावर ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. निळा पडदा काही सेकंदच थांबतो. गिऱ्हाईक घरी असेल तर त्याला हे फोनवर आधीच समजावून सांगा, नाहीतर तो घाबरून काहीतरी भलतीच कळ दाबतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इथे एक गंमत झाली होती. एका पतसंस्थेतला डेस्कटॉप, सिक्युअर बूट मी स्वतः बंद केलेलं, तरी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत चालू! घड्याळही काही वर्षं मागे गेलेलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. सेल गेला की बायोस मूळ सेटिंगवर येतं, आणि त्या मशीनचं मूळ सेटिंग सिक्युअर बूट चालू असंच होतं. घड्याळ मागे गेल्यावर आणखी एक लचांड होतं: एपीटी म्हणतं की रिलीज फाइल ‘अजून वैध झालेली नाही’, कारण त्याच्या हिशेबाने ती भविष्यातली असते. लोक सर्व्हर बदलत बसतात. सेल बदला, तारीख लावा, संपलं.

डेबियन १२ वरून १३ वर जाताना

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, कर्नेल ६.१२. त्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि माझ्याकडे जुन्या मशीनची रांग लागली. आबांचा लॅपटॉप तेव्हा १३ वर नेला. नेण्याआधी काय बघायचं, ते मी आता ठरवून टाकलंय.

पायऱ्या गाळायच्या नाहीत. ११ वर असाल तर आधी १२, मग १३. डेबियन मधली आवृत्ती गाळायला पाठिंबा देत नाही.

११ वरून येणाऱ्यांसाठी मोठा खड्डा म्हणजे फर्मवेअर. जून २०२३ मध्ये १२ आलं तेव्हा डेबियनने मुक्त नसलेलं फर्मवेअर एका नव्या विभागात काढलं, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’. पॅकेजांच्या यादीच्या फाइलमध्ये हा शब्द हाताने जोडला नाही, तर इंटेल, रिअलटेक, एथेरॉसच्या वायफायचं नवं फर्मवेअर आणि प्रोसेसरचा मायक्रोकोड येणं बंद होतं. आणि जुना ‘नॉन-फ्री’ काढायचाही नाही, कारण ब्रॉडकॉमचा आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर अजून तिथेच आहे. दोन्ही शब्द हवेत. एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळे झालेले बरेच जण नंतर माझ्याकडे येतात.

मग ‘एलएससीपीयू’. डेबियन १३ ने बत्तीस बिटच्या जुन्या मशीनसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलंय. पण घाबरण्याआधी त्या आज्ञेत ‘सीपीयू ऑप-मोड’ची ओळ वाचा. तिथे ६४ दिसलं तर प्रोसेसर चौसष्टचाच आहे, पूर्वी कुणीतरी दोन जीबी रॅम बघून बत्तीसची प्रणाली टाकली एवढंच. कोअर टू ड्युओची मशीनं अशी भरपूर निघतात. त्यात अपग्रेड करत बसू नका; माहिती काढून घ्या आणि चौसष्टची नवी टाका.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आधी पिढी बघा. ३४०, ३९०, ४७० या जुन्या कार्डांच्या ड्रायव्हर मालिका कंपनीने एकेक करून थांबवल्या आहेत, त्यामुळे नव्या आवृत्तीत तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. अपग्रेडच्या आधीच तो काढून कर्नेलमधल्या ‘नूव्हो’ ड्रायव्हरवर या. बिलं करायला आणि व्हिडिओ बघायला तो पुरतो. काढला नाही तर अपग्रेडनंतर काळा पडदा, आणि मग टर्मिनलमध्ये अंधारात चाचपडणं.

उलटंही होतं. रिअलटेकच्या ८८२१सीई चिपसाठी लोकांनी पूर्वी बाहेरचा ड्रायव्हर आणून डीकेएमएसमध्ये बसवला होता. ही चिप ५.९ पासून कर्नेलच्या आतच चालते. पण जुना बाहेरचा ड्रायव्हर तसाच राहतो, नव्या कर्नेलवर बांधला जात नाही, आणि त्याच्या हट्टापायी कर्नेलचं पॅकेजच अर्धवट बसून राहतं. अपग्रेड ‘बॅड रिटर्न स्टेटस’ म्हणून अडतं. उपाय म्हणजे ‘डीकेएमएस रिमूव्ह’ने त्याला घरी पाठवणं. भाडेकरू दत्तक गेला, आता भाडेपट्टा कशाला?

अपग्रेडची वेळ हाही आमच्याकडे हार्डवेअरचाच भाग आहे. मे महिन्यात दुपारी दोनला अपग्रेड लावू नका. बाहेर पंचेचाळीस, पंख्यात कापसाची रुई अडकलेली, आणि तासभर प्रोसेसर पूर्ण ताणावर. मशीन तापून मध्येच बंद पडतं. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांतून आलेला लॅपटॉप मी आधी उघडून ब्रशने साफ करतो, मगच हात लावतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावालाच असते, म्हणून लाइट जाण्याचा भरवसा धरून इन्व्हर्टरवर जोडायचं. तरीही मध्येच बंद पडलंच, तर घाबरून नव्याने टाकू नका. चालू करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. दहापैकी आठ-नऊ वेळा गाडी जिथे थांबली तिथून पुढे निघते.

प्रिंटर

वायफाय झालं की दुसरा फोन याचाच. एचपी लेझरजेट १०२० प्रत्येक गल्लीत आहे. हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर साठवत नाही. दरवेळी चालू केला की संगणकाने ते त्याला भरवावं लागतं. लिनक्सवर हे काम एचपीएलआयपी हे एचपीच्या प्रिंटरांचं सॉफ्टवेअर करतं आणि त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं, ज्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली की एचपीएलआयपी नवं येतं, प्लगइन जुनंच राहतं, आणि प्रिंटर गप्प. दिवे लागतात, कागद हलत नाही. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा द्या, नवं उतरवू द्या, प्रिंटर बंद करून चालू करा. ड्रम बदलायला सांगणाऱ्यापासून त्या दिवशी लांब राहा.

यूएसबी डोंगल घेणार असाल तर

बाहेरच्या ड्रायव्हरचा कंटाळा आला आणि डोंगल घ्यावा वाटलं, तर ते शहाणपणाचं आहे, पण डब्यावरचं नाव पुरत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन चंच बघा. पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ होती, जिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे आणि जी लावल्या लावल्या चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून पोटात रिअलटेकची चिप आली. नाव तेच, रूप तेच. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत आवृत्ती लिहिलेली असते, ती वाचा. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर तिथेच लावून ‘एलएसयूएसबी’ बघून घ्या.

आबांना मी डोंगल घ्यायला लावला नाही. १३ वर नेल्यानंतर कर्नेलचे अपडेट येऊन गेले, वायफाय जागचं हललेलं नाही. लॅपटॉपच्या पोटाला मी एक कागद चिकटवलाय, वरून सेलोटेप: १४ई४:४३६५, ड्रायव्हर डब्ल्यूएल, हेडर-एएमडी६४ बसवलेले, सिक्युअर बूट बंद, प्रिंटर १०२० प्लगइनसह. मागच्या आठवड्यात आबा परत आले होते. लॅपटॉप काउंटरवर उलटा ठेवला, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, यात लिहिलेलं सगळं चालतंय, पण स्पेसबार दाबला जात नाही.

तो कळफलक मी मागवलाय.